पाव इंची बोल्ट आणि पन्नास वर्षं राहिलेला फोटो

आमच्या आक्काच्या लग्नाचा एकही फोटो नाही, आणि तो नसण्याचं कारण मी आहे. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. मामांनी कुणाकडून तरी मागून आणलेला डबा कॅमेरा होता, बारा फोटोंचा रोल. सगळे फोटो काढून झाले, वरात गेली, आणि फोटो आत कसे बसलेत ते बघायला मी मागचं झाकण उघडलं. उजेड लागून बाराच्या बारा गेले. मामांची थप्पड विसरलो, पण आक्का अजून ऐकवते, "माझं लगन झालंच न्हाई. पुरावा कुठंय?"

यंदा मे महिन्यात त्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. उन्हामुळे तेव्हा जाणं राहिलं. दसऱ्याआधी मी पेन्शनच्या पैशातून चांगला महागाचा कॅमेरा घेतला आणि जाहीर केलं की आक्का-दाजींचा फोटो आता मी काढणार, आणि मीच काढणार. भाच्याच्या मोबाइलमध्ये दोघांचे शेकडो फोटो आहेत, पण त्यांनी माझं पाप फिटत नाही.

अडचण एकच. बांधकाम खात्यात तेहतीस वर्षं आरेखक म्हणून सरळ रेघा मारलेला माझा हात दोन वर्षांपासून थरथरतो. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखं काही नाही, पण कपाखाली बशी वाजते. म्हणून कॅमेऱ्यासोबत दणकट ट्रायपॉडही घेतला. माझी बायको शैला म्हणाली, "हात थरथरायला लागल्यावर कॅमेरा घेणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय." तिच्या बोलण्यात तथ्य होतं.

दसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी आक्काच्या गावी, परतूरला जायला पहाटे साडेपाचला नाशिक सोडलं. समृद्धी महामार्गावर जाणार असाल तर टायरची हवा आधी बघून घ्या आणि खायचा डबा सोबत ठेवा, कारण मधे खाण्याची सोय फारशी नाही. रस्ता इतका सरळ की मला मनातल्या मनात रेघा मारायची टी-स्क्वेअर दिसायला लागली. आम्ही मेथीचे पराठे खात, भांडत, समेट करत सकाळी साडेदहाला जालन्यात उतरलो. लॉजवर सामान टाकून दुपारी राजूरच्या गणपतीला गेलो. जालन्याहून तासाभराची वाट. चतुर्थी टाळून जा, म्हणजे दर्शन निवांत होतं. वर टेकडीवरून चहूकडे शेतं दिसतात, कापूस फुटून पांढरी झालेली. म्हटलं, इथं ट्रायपॉडची चाचणी घेऊ.

तर कॅमेऱ्याखालची पट्टीच नव्हती! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बोटभर लांबीची धातूची पट्टी असते, मधोमध एक स्क्रू. ती कॅमेऱ्याच्या बुडाला आवळायची आणि मग ट्रायपॉडच्या खाचेत सरकवायची. ती नसली की दोन्ही महाग वस्तू एकमेकींना ओळख देत नाहीत. दुकानातून आणताना ती कॅमेऱ्याला लावलेली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं.

पायऱ्यांवरूनच मी नाशिकच्या दुकानदाराला फोन लावला आणि त्याची यथेच्छ खरडपट्टी काढली. ढिली बसवलीत, वाटेत पडली, एवढे पैसे घेता. तो बिचारा एवढंच म्हणत होता, "साहेब, मी स्वतः नाण्यानं आवळून दिली होती." शैला प्रसादाचा नारळ खात म्हणाली, "सोडा हो, केवढीशी वस्तू!" केवढीशीच तर होती, पण मी हातात धरून काढलेल्या फोटोत राजूरच्या देवळाला दोन शिखरं दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाऊन जालन्यातली दोन दुकानं पालथी घातली. "मुंबईहून मागवावी लागंल, आठ-दहा दिवस," असं दोन्हीकडे उत्तर मिळालं. आमच्याकडे एकच दिवस होता. तोंड वाकडं करून परतूरचा रस्ता धरला. वाटेत कापसाचे टेंपो एवढे फुगवून भरलेले की ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो. शैलानं मोसंबी घेतली, आणि मी चिडलेलाच असल्यामुळे सगळी तिनेच खाल्ली.

आक्का दारातच उभी होती. "आला का बाबा फोटोग्राफर! आता तरी झाकण उघडू नको." सत्तर वर्षांची आहे, पण आवाज गल्लीच्या टोकाला जातो. आत खाटेवर तिच्या लग्नाचा शालू पसरलेला होता, जांभळा, घड्यांवर विरलेला. डांबरगोळ्यांचा वास जावा म्हणून चार दिवस वाऱ्यावर टाकला होता म्हणे. तो पाहून मी कॅमेऱ्याची पिशवी खाटेखाली सरकवली.

"दाजी कुठंयत?"

"शेतात. कापूस येचायला बाया लागल्यात. दिवस मावळंस्तोर येत न्हाईत, अन् उद्या उजाडायच्या आत पुन्हा जातेत. सीझनमधी त्यान्ला बायकोहून कापूस प्यारा."

म्हणजे फोटो दिवेलागणीला, अंधूक उजेडात, आणि कॅमेऱ्याला फ्लॅश नव्हता. तेवढ्या उजेडात कॅमेरा सेकंदभर तरी स्थिर राहायला हवा, आणि माझ्या हाताला सेकंद म्हणजे फार झालं. मी आक्काला सगळं खरं सांगितलं, हातासकट. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि दही पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "जेव, अन् मंग रशीदभाईकडं जा. फवारणीचे पंप दुरुस्त करतो, मोंढ्याच्या बाजारामागं. त्याच्याकडं न्हाई तर परतुरात कुणाकडंच न्हाई."

रशीदभाई साठीचे, चष्म्याला एका बाजूनं दोरा बांधलेला. त्यांनी कॅमेरा उलटा करून बुडाचं भोक पाहिलं, करंगळीचं नख आत फिरवलं आणि म्हणाले, "पाव इंची हाय. जुना आटा. नवे मिलिमीटरचे बोल्ट बसणार न्हाईत." मागून गोडेतेलाचा पत्र्याचा डबा ओढला. त्यात तीस वर्षांत मोडीत निघालेल्या यंत्रांचे बोल्ट. "मशीन मरतं, बोल्ट मरत न्हाई. म्हून फेकत न्हाई मी."

चौथा बोल्ट त्यांनी भोकावर टेकवला आणि चक्क उलटा फिरवायला लागले. एवढ्या महागाच्या वस्तूच्या पेचाचे आटे जातील म्हणून मी ओरडलोच.

"जल्दी काय हाय, साहेब? आधी उलटाच फिरवायचा. बोटाला टक् लागलं की समजायचं, आट्यावर आटा बसला. मंग सुलटा. जबरदस्तीनं दोन्ही खराब होतेत."

टक् झालं. बोल्ट लोण्यासारखा आत गेला.

आता पट्टी हवी होती, ट्रायपॉडच्या खाचेत बसेल अशी, तिरक्या कडांची. "कागदावर काढून द्या," ते म्हणाले. मी पेन घेतला. तेहतीस वर्षांत असा घाबरलो नव्हतो. मोजपट्टी लावून मापं घेतली, रेघा ओढल्या, आणि त्या रेघा पावसात निघालेल्या गांडुळासारख्या निघाल्या. माझी मान खाली गेली. रशीदभाईंनी कागद उजेडात धरला, लोखंडी पट्टीवर मापं उतरवली, करवतीनं कापून कानशीनं तासली, मधोमध बोल्टसाठी भोक पाडलं आणि खाचेत सरकवली. घट्ट बसली.

"रेघ हालली तरी माप बराबर हाय," ते म्हणाले. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला. बोल्ट कॅमेऱ्याच्या भोकाच्या तळाला लागू नये म्हणून त्यांनी पट्टी आणि कॅमेऱ्याच्या मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. सगळे मिळून दीडशे रुपये घेतले.

दाजी आले तेव्हा गल्लीतले दिवे लागलेले होते. अंगावर कापसाचे धागे, आक्कानं नेसलेला शालू पाहून गडबडलेले. "ह्या वयात हे काय?" म्हणत ते नवा सदरा घालून ओट्यावर बसले. ट्रायपॉड अंगणात उभा, कॅमेरा त्यावर भक्कम. मी चौकट जुळवली. आक्का ओरडली, "तू बी ये. तूच गायब केल्तं सगळं, तूच पायजेस." मी टायमर लावून धावलो. तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं, आणि कॅमेरा खटकन वाजला. आम्ही तिघं हसून पाहतोय, तेवढ्यात कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघून शैला ओरडली, "अजून एक घ्या, दाजींचे डोळे मिटले!" डोळे मिटलेले नव्हते. त्यांनी ते आक्काकडे वळवलेले होते.

तिसऱ्या दिवशी परतताना जांब समर्थला गेलो. भाविक थोडे होते, मंदिरात गारवा होता, आणि सकाळी लवकर गेलात तर आवारात बसून राहावंसं वाटतं. मी तिथे एकही फोटो काढला नाही, नुसता बसलो.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी शैला हळदी-कुंकवाचा करंडा हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. चेहरा उतरलेला. आत कुंकवात लाल झालेली माझी पट्टी.

"अहो, खंडेनवमीला पूजेसाठी कॅमेरा पाटावर मांडला ना, तो कलत होता. खाली काहीतरी चिकटलंय असं वाटलं. नाण्यानं काढून ठेवलं, आणि विसरले."

घरातली यंत्रं-हत्यारं पुजायचा आमचा जुना रिवाज. मीच तिला सांगितलं होतं, यंदा कॅमेरा पण ठेव. मी ताबडतोब दुकानदाराला फोन करून माफी मागितली. तो हसत म्हणाला, "साहेब, मागच्या वर्षी एकाचं लेन्सचं झाकण देव्हाऱ्यात सापडलं होतं." आक्काला सांगितलं तर ती म्हणाली, "झाकण तू उघडलंस, पट्टी तिनं काढली. जोडा बराबर हाय."

मूळ पट्टी धुऊन कपाटात ठेवली. कॅमेऱ्याखाली अजून रशीदभाईंचीच आहे. मोठा फोटो छापायला टाकण्याआधी मी तो स्क्रीनवर वाढवून कोपरा न् कोपरा पाहिला. माझा उजवा हात मात्र मुद्दाम शेवटी पाहिला, कारण सेकंदभराच्या फोटोत तो नक्की धूसर आला असणार होता. आला नव्हता. आक्कानं तो मला बसवल्यावर सोडलाच नव्हता, दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरला होता. प्रत्येक बोट स्पष्ट दिसतंय.

फोटो कुरिअरनं परतूरला पोचला त्या दुपारी तिचा फोन आला. नाक ओढून म्हणाली, "झालं बाबा माझं लगन."