वाफ्याला मारलेलं औषध

थोरल्या सूनबाई घरी कपडे शिवायच्या आणि उरलेला वेळ परसातल्या वाफ्यांत माजलेल्या लव्हाळ्याच्या तणापायी घालवायच्या. लव्हाळा कसला, घरजावईच तो. एकदा आला की हलायचं नाव नाही. वरून उपटला तरी मातीतल्या गाठीतून पुन्हा हजर, म्हणून मोडक्या कात्रीच्या पात्याने त्या एकेक गाठ उकरून काढायच्या.

त्या दिवशी लेकीच्या ताटात पालकाची भाजी वाढली, तोच सासरे हात पुसत आत आले.

“तुझी कटकट मिटवली. सकाळीच पालकाच्या वाफ्यात औषध मारलं.”

ताटातला पालक सूनबाईंनी नुकताच तिथूनच खुडला होता. लेकीचा घास तोंडाशी गेला होता. त्यांनी तिचं मनगट धरलं.

“कसलं औषध?”

“तण जाळायचं. एवढं काय घाबरायचं? औषधच ते, विष थोडंच आहे?”

सूनबाईंनी ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

“मग बाबा, पहिला घास तुम्ही घ्या.”

सासऱ्यांचा हात काही पुढे आला नाही.

सूनबाईंनी सगळी भाजी पिशवीत घट्ट बांधली, आणि सासऱ्यांच्या त्या रिकाम्या हातात कात्रीचं पातं ठेवलं.