दारूचा उग्र वास

"साडी वर धर आणि चाल," पोलीस म्हणाला. नऊ पावलं. रस्त्याकडेच्या पांढऱ्या रेघेवर, एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच टेकवत.

२००६ ची दिवाळी. शनिवारची दुपार, आम्ही राहतो त्या कॅरीहून तासभर लांब, दुसऱ्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात. अंगावर काठपदराची साडी, पायात उंच टाचेच्या चपला. पोलीस माझ्याहून लहान असेल वयानं. चौथ्या पावलाला निरीत पाय अडकला आणि मी दाणकन पडले. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. शेजारून मराठी मंडळातल्या लोकांच्या दोन गाड्या गेल्या. मला ओळखलं त्यांनी. स्पीड कमी झाला, पण काच कोणी खाली केली नाही.

माझा गुन्हा काय? मसालेभात. मंडळात पाच वर्षं माझ्या वाट्याला फक्त पेपर प्लेट्स आणि कोकच्या बाटल्या. "तू जॉब करतेस गं, तुला कशाला स्वयंपाकाची दगदग!" आडनाव कळलं की लोक फार काळजी घेतात हो आपली. त्या वर्षी आयत्या वेळी कोणीतरी कॅन्सल केलं आणि पहिल्यांदा मसालेभात माझ्याकडे आला. चाळीस माणसांचा. मी हरखून गेले, खोटं कशाला बोलू. पातेलं शेजारच्या सीटवर ठेवलं आणि कलंडू नये म्हणून एका हातानं धरून ड्राइव्ह करत होते. गाडी दोनदा रेघेबाहेर गेली. मागे लाल-निळे दिवे लागले.

मग दुसरी चूक केली. आपल्याकडे पोलिसानं थांबवलं की आपण उतरतो, त्याच्याकडे जातो, साहेब साहेब करतो. मी उतरले आणि त्याच्याकडे चालत गेले. त्याचा हात पिस्तुलावर गेला.

"किती प्यायलीस?" त्यानं विचारलं. किती! प्यायलीस का, हे विचारलंच नाही.

ठाण्यात मशीनमध्ये फुंकायला लावलं. मला दमा आहे. इनहेलर पर्समध्ये आणि पर्स गाडीत. रडून छाती भरून आलेली. तीनदा फुंकलं, तिन्ही वेळा श्वास कमी पडला. त्यानं फॉर्मवर खूण केली: टेस्टला नकार. मी म्हणाले, "मला अस्थमा आहे." तो म्हणाला, "इथे आलं की सगळ्यांनाच असतो." नकार दिला की रक्त काढायचं वॉरंट. मी पाणी मागितलं होतं. पाण्याच्या आधी मॅजिस्ट्रेटची सही आली.

हॉस्पिटलात एक हात बेडीत आणि दुसरा पट्ट्यानं खुर्चीला बांधला. हातातल्या काचेच्या बांगड्या आड येत होत्या. पोलिसानं मनगट दाबलं, दोन फुटल्या. नर्स म्हणाली, "हनी, हलू नकोस." मी हलत नव्हते हो, थरथरत होते. पदर घसरला होता. सावरायला मला हात नव्हता आणि खोलीत तीन माणसं असून कोणी तो उचलला नाही.

माझा बाप दारूनं मेला. नागपूरला आमच्या वस्तीत मायनं बायका गोळा करून भट्टीची पिंपं उलथवली होती. मी ऑफिसमधल्या केकमध्ये रम आहे का, हे विचारून मग तुकडा घेणारी बाई. आणि माझ्या रक्तात हे लोक दारू शोधत होते.

माझा नवरा नितीन तेव्हा इंडियात होता. म्हणून मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. सगळे त्यांना काका म्हणतात. ते न्यायला आले. गाडीत अगदी मायेनं म्हणाले, "हे बघ, तुमच्यात चालतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त घेऊन ड्राइव्ह करू नये."

आणि मी मूर्ख. मी म्हणाले, "थँक यू काका."

दोन महिन्यांनी रिपोर्ट आला. शून्य. मला वाटलं, आता माफी मागतील. कसली माफी! सरकारी वकिलानं एक कागद पाठवला. केस मागे घेतो, पण पोलिसांवर कधीही दावा करणार नाही असं लिहून दे. माझा वकील म्हणाला, सही करा आणि विसरून जा. नितीन म्हणाला, "कर ना यार सही. ग्रीन कार्ड अडकलंय आपलं."

पेन हातात घेतलं होतं मी. फाइलमध्ये खाली वॉरंटचा अर्ज होता, पोलिसानं शपथेवर लिहिलेला. तोवर मी तो वाचलाच नव्हता. 'तोंडाला दारूचा उग्र वास. जीभ जड. चाल अस्थिर.' उग्र वास! दारू नव्हती, तरी त्याला वास आला. दारू नव्हती, तरी काकांनाही आला. एकानं कातडी बघून, दुसऱ्यानं आडनाव बघून. अंगाची आग आग झाली माझ्या. पोलिसाला नाहीच, पण काकांनाही मी एका शब्दानं उलटून बोलले नव्हते, याचीच जास्त.

"मी सही करणार नाही," म्हणाले आणि पेन ठेवलं.

पुढे काही चांगलं झालं असेल असं वाटत असेल तर तसं नाही. केस वर्षभर रखडवली, मग पुरावा नाही म्हणून सोडली. मी दावा लावला. जजनं तो फेटाळला. मॅजिस्ट्रेटचं वॉरंट होतं, पोलीस त्यावर विसंबला; वास आला की नाही हे त्याचं मत, ते खोटं कसं ठरवणार? झालं. माझ्या अपुऱ्या श्वासाला नकार म्हणता येतं आणि त्याच्या खोट्याला मत. ग्रीन कार्डवाल्यांनी अटकेचे कागद मागवले, ते अजून तिकडेच पडलेत. नितीननं लांब सनीव्हेलला जॉब घेतला. रविवारी फोन करतो, केसचं काढलं की ठेवून देतो. मंडळाचे ईमेल बंद झाले. आणि वकिलानं परवा हात टेकले: "अपील हरणार तुम्ही. मी नाही करणार."

हरणार, हे मलाही कळतं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, कायदा शिकलेली नाही. पण लायब्ररीतून पुस्तकं आणलीत आणि अपील मीच लिहितेय. त्यात पहिल्याच ओळीत लिहिलंय की हा माणूस शपथेवर खोटं बोलला. फेटाळलं तर फेटाळू दे, वरच्या कोर्टात परत हेच लिहीन. हरवायचं तर त्यांनी हरवावं. ते खोटं मी माझ्या सहीनं खरं करून देणार नाही.