शंकासुराची सुट्टी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला कामावरचे सगळे शंकासूर म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते नाव आवडत असे. कुणी ‘मेन स्विच बंद केलाय’ असं सांगितलं, तरी हा सगळे जिने चढून मशीनरूममध्ये जाणार, स्विच स्वतःच्या डोळ्यांनी बघणार, टेस्टर लावणार आणि मगच खाली येऊन शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उतरणार. घरीही तीच तऱ्हा. कुलूप लावलं की लोंबकळून बघायचं, दूध तापवण्याआधी हुंगायचं, कुणी फारच गोड बोलायला लागलं की खिसा चाचपायचा.

“माझ्या धंद्यात भरवसा ठेवणारी माणसं आता फोटोत आहेत,” तो म्हणे. “हार घातलेल्या.”

त्यामुळे एका संध्याकाळी पडदे शिवायचं मशीन बंद करून बायको समोर येऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “आपण आठ दिवस सुट्टीवर जातोय,” तेव्हा त्याला आनंद होण्याआधी संशयच आला. ही बाई आजारपणातही उशीला टाके घालत बसायची. हिला सुट्टी कशाला हवी?

“कुठे?”

“बेटांवर. काही करायचं नाही. नुसतं बसायचं.”

“नुसतं बसून काय करायचं?”

“तेच तर करायचं नाही!”

मुलगी औषधाच्या दुकानात कामाला होती. ती आत्ताच येऊन चपला काढत होती, तशीच फोनवरचे फोटो दाखवत त्याच्याजवळ आली. किनाऱ्यापासून थोडं पुढे, किनाऱ्याला धरूनच गेलेले वाळूचे लांबट, चिंचोळे पट्टे. एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला उथळ, शांत पाणी. मधे पूल. वाळूत रोवलेल्या खांबांवर छोटी छोटी घरं.

“लाटांचा सगळा जोर ही बेटं अंगावर घेतात, बाबा. म्हणून मागचा किनारा टिकतो.”

“वा! म्हणजे जी जागा मार खायलाच बनली आहे, तिथे आपण पैसे देऊन राहायचं. आणि घरं खांबांवर का?”

“पाणी चढलं तर खालून जावं म्हणून.”

“बघ, म्हणजे चढतं! आणि ही वाळू, ही जागची हलते?”

“हळूहळू सरकते म्हणतात.”

“लिफ्टही हळूहळूच सरकते,” शंकासूर म्हणाला आणि फोन परत दिला.

इथवर सगळं नेहमीसारखं होतं. पण पुढच्या दिवसांत त्याला नीट वास लागला. मायलेकी स्वयंपाकघरात डोक्याला डोकं लावून कुजबुजत आणि हा आत आला की गप्प होत. एकदा बायकोचा फोन ओट्यावर थरथरत होता आणि त्यावर नाव होतं लंबूचं. लंबू म्हणजे त्याचा कामावरचा जोडीदार. एक खड्ड्यात उतरला की दुसरा वर लिफ्टच्या बटणांपाशी उभा राहणार, अशी या दोघांची जन्माची वाटणी. खालचा बाहेर यायच्या आत वरच्याने मेन स्विच लावून लिफ्ट सोडली तर खालच्याचा चपटा पापड. असा माणूस आपल्याला सोडून आपल्या बायकोला फोन का करतो?

“पडदे शिवून हवेत त्याला,” बायको म्हणाली. लंबूच्या घराला एकच खिडकी होती आणि ती कायम वर्तमानपत्राने झाकलेली असे.

मग साहेबांनी कडी केली. एरवी अर्ध्या दिवसाची रजा मागितली तरी त्यांच्या चेहऱ्यावर दाढदुखी उमटायची. या खेपेला सही करून त्यांनी चक्क त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या आठ दिवसांसाठी लंबूच्या जोडीला दुसऱ्या गटातला एक माणूस दिलाही होता.

शंकासुराने दोन तारा जोडल्या आणि दिवा लागला. त्याला शाफ्टमधून काढायचा बेत होता. त्यांच्या कंपनीत शाफ्टमधून काढलेला माणूस गोदामात जाई. तिथे रबराच्या चकत्या आकारानुसार लावत निवृत्तीची वाट बघत बसे, आणि त्याला कुणी टोपणनावानेही हाक मारत नसे. शंकासुराला मरणाची भीती नव्हती, त्या गोदामाची होती. याला वाळूवर लोळत ठेवायचं, तोवर त्याची जागा भरायची, आणि बायकोही त्यात सामील!

आता पुरावा हवा होता. रविवारी सकाळी तो “कचरा टाकून येतो” म्हणून बाहेर पडला. दोन मिनिटांनी पाय न वाजवता परत वर आला आणि स्वतःच्याच घराच्या दाराला कान लावून उभा राहिला. आत शांतता होती. त्याने दुसरा कान लावला. तरी काही नाही. पक्क्या आहेत, तो मनात म्हणाला, हातवारे करून बोलत असतील.

खांद्यावर टकटक झाली तसा तो दचकला. समोरच्या वहिनी आपलं दार उघडून कधी मागे आल्या होत्या, त्याला पत्ताच नव्हता.

“अहो भाऊजी,” त्या त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाल्या, “दाराला कान कसला लावताय? मला माझ्या मोरीत ऐकू येतंय सगळं!”

“काय ऐकू येतंय?”

“हे काय, भांडतायत की दोघी! मुलगी म्हणते मागच्या शांत पाण्याकडचं घर घेऊ. तुमची बायको म्हणते समुद्राच्याच बाजूचं हवं.” बोलता बोलता वहिनी थांबल्या. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. “भाऊजी… तुम्हाला खरंच येत नाहीये?”

त्याने किल्लीने दार उघडलं. मुलगी हातातली पळी नाचवत, गळ्याच्या शिरा ताणून काहीतरी बोलत होती. त्याला कुजबूज ऐकू आली.

त्याला बघताच मुलीने पळी खाली ठेवली.

“समुद्राच्या बाजूचं का?” त्याने विचारलं.

बायकोने गॅस बंद केला. आता थापा मारण्यात अर्थ नाही हे तिला कळलं. “कारण तिथे लाटांचा इतका आवाज असतो की सगळ्यांशीच ओरडून बोलावं लागतं,” ती त्याच्याकडे तोंड करून म्हणाली. “एकट्या तुमच्याशीच नाही. म्हटलं, आठ दिवस तरी ह्यांना कुणावर संशय येणार नाही. आणि मग तुमच्या कानांचं तिथेच सावकाश सांगू.”

“लंबू?”

“त्यानेच सांगितलं मला. तुम्ही खड्ड्यात असता तेव्हा त्याच्या हाकेला ओ देत नाही. तो बॅटरी दाखवतो तेव्हा कुठे वर बघता. परवा तर बॅटरीकडेही पाठ होती तुमची. लिफ्ट सोडायच्या आधी तो स्वतः खाली येऊन तुम्हाला बघून गेला, म्हणून वाचलात. रात्रभर झोप लागत नाही त्याला.”

“त्याने मला का नाही सांगितलं?”

“तुम्ही काय म्हणाला असतात?”

तो काय म्हणाला असता हे त्यालाही पाठ होतं. तू माझ्या जागेवर टपलायस.

“साहेब?”

“त्यांना काही माहीत नाही. इतक्या वर्षांत तुम्ही सलग रजा मागितली, त्याचंच त्यांना कौतुक.”

म्हणजे कुणी काढत नव्हतं. तो तोंड मिटून राहिला तर कुणी काढणारही नव्हतं.

सोमवारी सकाळी त्याने मेन स्विच बंद केला, टेस्टर लावला आणि खड्ड्यात उतरला. “बॅटरी खिशात ठेव,” तो लंबूला म्हणाला. “आणि हाक मार. मी भिंतीकडे तोंड करतो.”

तेल लागलेल्या काँक्रीटकडे बघत तो उभा राहिला. वाट बघितली. अजून थोडी बघितली. लंबू कंटाळून चहाला गेला असेल, असंही त्याला वाटून गेलं. शेवटी वळून पाहिलं, तर लंबू वरच्या कडेवर गुडघे टेकून बसला होता. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि घशाला हात लावलेला होता.

शंकासूर शिडीने वर आला, हात पुसले आणि सरळ साहेबांच्या खोलीकडे निघाला. लंबू मागून धावला, बाही ओढायला लागला. “अरे थांब! गोदामात टाकतील! मी घेतो ना सांभाळून, खाली येऊन बघत जाईन रोज!”

यातलं निम्मं त्याला ओठांवरून कळलं.

“आणि एखाद्या दिवशी विसरलास तर? तुझ्यावर भरवसा ठेवू होय?” तो म्हणाला. “तुला जन्मभर झोप लागणार नाही, लंबू. रात्रभर जागणाऱ्या नवऱ्याचं तुझ्या बायकोने काय करायचं?”

साहेबांच्या टेबलासमोर तो उभा राहिला. “साहेब, मला खड्ड्यात उतरवू नका. मला ऐकू येत नाही.”

साहेबांनी चष्मा काढला. मान खाली घालून, कागदांकडे बघत ते बराच वेळ बोलत राहिले. शंकासूर लंबूकडे वळला.

“काय म्हणाले?”

लंबू उजेडात आला आणि एकेक शब्द तोंड भरून म्हणाला, “खड्डा बंद. आजपासून. आधी कान दाखवून घे. कानाला मशीन लावून ऐकू आलं तर पुन्हा चाचणी घेऊ. नाही आलं तर गोदाम.”

“एवढंच? ते तर खूप वेळ बोलत होते.”

“आणि म्हणतात, आठ दिवसांनी काय होतंय, पंधरा दिवस जाऊन या.”

शंकासुराने साहेबांच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं.

“पंधरा?” तो म्हणाला. “का बरं?”