मेहुण्यांची फुंकर

आमच्या मेहुण्यांनी आयुष्यात जेवढी फुंकर मारली तेवढ्या वाऱ्यावर एखादं गलबत नागपट्टणहून सिंहलद्वीपाला पोचलं असतं. कुठलीही वस्तू हातात आली की आधी फू, मग काम. रेडिओ, चष्मा, बसचं तिकीट, कापीचा पेला, सगळ्याला फुंकर. गेल्या आयुधपूजेला आम्ही तिघं शेवटचे एका कामाला एकत्र उभे होतो. मी ताट धरलेलं, माझी बायको घरातल्या हत्यारांना हळदकुंकू लावतेय, आणि हे तिचे थोरले बंधू मागून चुका काढताहेत. विळी झाली, शिलाईचं यंत्र झालं, माझी सायकल झाली, मग कॉम्प्युटर. त्याच्या कुशीला भोकाभोकांची जाळी आहे. बायकोचं बोट नेमकं तिथेच जायचं, आयुधपूजेला तर जायचंच, पण दर शुक्रवारीही जायचं, आणि वर मल्लीची, म्हणजे मोगऱ्याची, दोन फुलं.

"चिन्नी, जाळीला लावू नकोस. ते तिथून श्वास घेतं," मेहुणे म्हणाले.

"श्वास घेतं म्हणतोस, म्हणजे जिवंत आहे की. जिवंताला कुंकू नको? आणि अण्णा, तू तो दिवा तेवढा फुंकू नकोस."

दिवाळीच्या आत तिचाच मळवट भरून आम्ही तिला पोचवून आलो. त्यावर जास्त लिहीत नाही. मी पाचवीपर्यंत शिकलेला माणूस, जन्मभर भाताच्या गिरणीत पोती तोलली. रडणं लिहायला शाळा पुरली नाही.

मेहुण्यांचं सांगतो. ते वीजखात्यातून निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांना शाल दिली. त्यांनी शाल जावयाला देऊन टाकली आणि समारंभातला बंद पडलेला माईक घरी आणला. नवी वस्तू विकत घेणं हा त्यांच्या लेखी आळशीपणा. छत्रीची काडी मोडली तर दुसऱ्या छत्रीची काडी, दुसरी छत्री मोडली तर तिसरीचं कापड, अशी त्यांची छत्री आता मूळची कुठली हे वरुणालाच ठाऊक. लग्नाच्या पंगतीत मिक्सर बंद पडला की आचारी आधी मेहुण्यांना शोधतो, मग यजमानाला. हे पान सोडून उठतात, मिक्सर फुंकतात, चालू करतात आणि पायसम संपलं म्हणून आचाऱ्यालाच बोलतात. दुरुस्तीचे पैसे ते कुणाकडून घेत नाहीत. त्यांची बिदागी एकच : मेलेला भाग. पंखा नीट केला तर जळकं तारेचं वेटोळं त्यांचं, कुकरचं झाकण बसवलं तर जुनी शिटी त्यांची. मागायचं नाही, विचारायचं नाही, पिशवीत घालायचं आणि चालू पडायचं. करंदैच्या त्यांच्या घरात माणसाला बसायला जागा नाही, पण अख्ख्या जिल्ह्यातली आतडी तिथे डब्याडब्यांत भरून ठेवलेली आहेत. एकदा मी माझ्याच पंपाचं जुनं वायसर परत मागितलं. ते म्हणाले, "माप्पिळ्ळे, मेलेलं सामान माझं. जितं तुमचं. एवढं ठरलेलं आहे." तमिळ माणूस बहिणीच्या नवऱ्याला हाक मारतो तसं ते मला माप्पिळ्ळे म्हणतात. मी सत्तरीपार गेलो तरी त्यांच्या तोंडी नवरदेवच आहे.

बायको दुपारी तीनला कामं आवरून कॉम्प्युटरवर पत्ते खेळायची. एकटीच. हरली तर यंत्राला बोलायची, जिंकली तर मला. ती गेल्यावर मी तीन वाजता तिथे जाऊन बटण दाबायचो. पत्ते मला येत नाहीत. आतला पंखा घरघरायचा, तेवढं ऐकायचं आणि तिने शिकवलं होतं तसं नीट बंद करायचं. यंदाच्या वैशाखात एक दिवस बटण दाबलं आणि काही नाही. दिवाही नाही, घरघरही नाही. चेन्नईहून मुलगा फोनवर म्हणाला, "अप्पा, तो डबा भंगारात द्या. मी नवा पाठवतो, पातळ, अजिबात आवाज न करणारा." मी म्हटलं, आवाज न करणारं घरात खूप झालंय. फोन ठेवला आणि मेहुण्यांना निरोप पाठवला.

ते आले, कॉम्प्युटरला चारी बाजूंनी फुंकर घातली, आणि म्हणाले, "मेंदू शाबूत असेल, पोट गेलंय." पोट म्हणजे मागच्या कोपऱ्यात बसवलेला लोखंडी डबा, भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटून देणारा. दुकानदार त्याला एसएमपीएस म्हणतात. मेहुण्यांनी तो सोडवून जमिनीवर घेतला आणि कागदाला लावायचा आकडा मागितला. आमच्याकडे कागदच नाहीत, आकडा कुठला. आरशाखालच्या फळीवर बायकोचा केसांचा आकडा पडला होता. तो त्यांनी सुरीने खरवडला, वाकवला, आणि डब्याच्या हिरव्या तारेचं तोंड काळ्या तारेच्या तोंडाशी जोडलं. मग वीज दिली. डबा जिता असेल तर एवढ्याने त्याच्या आतला पंखा फिरतो. नाही फिरला. "सरि," मेहुणे म्हणाले, "कीळवासलला चला."

कीळवासलच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात बंद पडलेल्या ऑफिसांतले डबे ढिगाने होते. दुकानदाराने आधी नवा चकचकीत डबा पुढे केला. त्यावरचे आकडे वाचून मेहुण्यांचेही डोळे विस्फारले, पण मग त्यांनी तो माझ्या हातात दिला. "माप्पिळ्ळे, तोला. आत माल असेल तर वजन लागेल."

पोतं उचलून भात ओला की कोरडा हे मी सांगत असे. तो डबा म्हणजे पोकळ भात. मी म्हटलं, "यात फोलपट आहे." दुसरा उचलला, बरा. तिसरा जुना, कळकट, एक कान चेमटलेला, पण हाताला गच्च लागला. "हा."

"आजोबा, हा काय वांगं घ्यायचा प्रकार आहे?" दुकानदार म्हणाला.

"तुझ्या वांग्याला वजन नाही म्हणून विचारतोय," मेहुणे म्हणाले. त्यांनी खिशातून तोच केसांचा आकडा काढला, तारांत घातला आणि पंखा फिरवून दाखवला. मग तारांची सगळी तोंडं आमच्या यंत्राशी जुळतात ना हे एकेक करून पाहिलं, दुकानदाराचं दुसरं गिऱ्हाईक कंटाळून निघून जाईपर्यंत.

घरी येऊन बसवला. चार स्क्रूंपैकी एक मेहुण्यांनी फुंकरीने कुठेतरी उडवला, तो अजून सापडलेला नाही. तिनांवर भागलं. बटण दाबलं आणि घरघर सुरू झाली. जुन्यापेक्षा जरा जाड आवाज, सर्दी झाल्यासारखा, पण आवाज. मुलगा म्हणतो तसं भंगारात काही गेलं नाही.

मग मेहुण्यांनी सवयीने मेलेला डबा जवळ ओढला. पिशवीत घालण्याआधी आतडी बघायची त्यांची रीत. "आत हात घालायचा नाही, वीज साठून राहते, मेल्यावरही दोन-तीन दिवस चावतो," असं मला बजावून त्यांनी वरचं झाकण उघडलं. मी वाकून पाहिलं. आत धूळ असेल असं मला वाटलं होतं. धूळ होतीच, पण पिवळी आणि लाल. पंख्याच्या पात्यांवर हळदकुंकवाचा थर बसलेला, आणि कोपऱ्यात मल्लीच्या वाळक्या पाकळ्या, चहाच्या पत्तीसारख्या. इतक्या शुक्रवारांचं सगळं जाळीतून ओढून घेऊन त्याने पोटात साठवलं होतं.

 "मी सांगितलं होतं," असं मेहुणे म्हणाले नाहीत. आणि मला एकच भीती, की आता हा माणूस हे पिशवीत घालणार. मेलेलं सामान त्यांचं. आणि चिन्नी तर माझ्या आधीपासून त्यांची. कुठल्या तोंडाने नको म्हणायचं? त्यांनी झाकण लावलं, डबा खिडकीत ठेवला, पिशवीची घडी केली आणि म्हणाले, "ऊन उतरलं. निघतो." रिकामी पिशवी घेऊन ते आमच्या घरून पहिल्यांदाच गेले.

मी तीन दिवस डबा चावायचा थांबायची वाट पाहिली. चौथ्या दिवशी सकाळी अंघोळ करून बसलो, झाकण काढलं, पंख्याचे चार स्क्रू सोडवले, तारा कापल्या. डबा पाकळ्यांसकट देवाच्या फळीवर ठेवला. पंखा केळीच्या पानात बांधून सायकलला अडकवला आणि वडवारच्या पुलावरून करंदैला गेलो. मेहुणे ओट्यावर बसून कुणाचं तरी घड्याळ फुंकत होते. मी पान त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "अर्धं तुमचं."

त्यांनी पान सोडलं. पात्यांवरचं कुंकू पाहिलं. सवयीने ओठांचा चंबू झाला, छाती भरून आली. मग त्यांनी तो श्वास तसाच धरला, तोंड बाजूला वळवलं, आणि हळूच नाकाने सोडला.