सुमतीबाईंचे लंडन

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेले नाही. देवासमोर हात जोडतो तेव्हासुद्धा एवढी जागा वगळून पुढे जातो. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि दुसरे असे, की आयुष्यभर मी लोकांची गाऱ्हाणी लिहिली. स्वतःच्या विरुद्ध मात्र एक ओळ कधी लिहिली नाही. ती कशी लिहितात, कोणाला उद्देशून लिहितात — मला खरेच ठाऊक नाही.

माझा व्यवसाय अर्जलेखनाचा. शिक्षण नववीपर्यंत, पण साताऱ्यास कचेरीसमोर छत्रीखाली बसून मी जे मसुदे केले, त्यांत कान्यामात्रेचा फरक करायची गरज वकिलांनाही पडत नसे. बहिणीने बोलावून घेतले म्हणून अमेरिकेत आलो. न्यूजर्सीत पिस्कॅटवेजवळ हसमुखभाईंचे किराणा दुकान आहे. त्याच्या मागच्या कोपऱ्यात, तांदळाच्या पिशव्यांशेजारी, त्यांनी मला एक टेबल टाकू दिले. तिथे मी आईवडिलांना बोलावण्याची निमंत्रणपत्रे, प्रतिज्ञापत्रे, विनंतीअर्ज टाइप करून देत असे. न्यूयॉर्कच्या त्या दोन इमारती पडल्यानंतरची ती वर्षे. कागदाला सगळेच घाबरत. संगणकावर पोट भरणारी पुण्या-नागपूरची पोरेसुद्धा माझ्यापुढे येऊन बसत आणि म्हणत, "काका, तुम्हीच ड्राफ्ट करा यार, रिजेक्ट नको व्हायला." हसमुखभाई मला वकीलसाहेब म्हणत. ते थट्टेने म्हणत. मी ते थट्टा म्हणून कधी घेतले नाही.

राहायला बहिणीच्या घराच्या तळघरात. घरात दोन भाचे; त्यांचे मराठी 'मामा' या शब्दापाशी संपते. कधी कधी वरून हाक येई — "मामा, युवर राइस इज बीपिंग." भाताच्या कुकरविषयीचे तेवढे एक वाक्य. कित्येक दिवस असे गेले, की घरात कोणी माझ्याशी दुसरे काही बोललेच नाही. हे मी सबब म्हणून सांगतो आहे का? नाही, तशी ती धरू नका. फक्त माहीत असावे.

सुमतीबाई त्या दिवसांत आल्या.

दुकानाला लागूनच मंदिर होते, आणि शनिवारी दुपारी तिथे मराठी बायकांचे भजन असे. मुलगा विवेक त्यांना गाडीने सोडून जाई. एका शनिवारी त्या भजनातून मध्येच उठून दुकानात आल्या, हळदीची पुडी हातात घेऊन माझ्या टेबलापाशी घुटमळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, मला लंडनला जायचं आहे. विवेकला इतक्यात कळू द्यायचं नाही."

बाईंनी बार्शीजवळच्या शाळेत हयातभर इंग्रजी शिकवले होते. धड्यांतून जे जे येई ते सगळे इंग्लंडचे. आणि बाईंनी तोवर सोलापूर जिल्ह्याबाहेरचे फारसे काही पाहिलेले नव्हते. तरी मुलांना अर्थ सांगावा लागे. त्यांनी सांगितले होते, की पुडिंग म्हणजे साधारण शिरा. हेज म्हणजे मेंदीचे कुंपण. मूर म्हणजे आपला माळच, फक्त थंड. हे सांगताना त्या स्वतःवर हसत, पण एकदा हसणे थांबवून म्हणाल्या, "मुलं आता मोठी झाली, त्यांना काही फरक पडत नाही. पण आपण वर्गात उभं राहून खोटं सांगत होतो का, हे एकदा डोळ्यांनी बघावं म्हणते. चुकलं असेल तर निदान मला तरी कळू दे."

मुलाला का सांगायचे नाही? तर तो म्हणणार, आई, पुढच्या समरला आपण सगळेच जाऊ. तो समर काही येत नव्हता. बाईंचा बेत असा होता, की व्हिसा हातात पडला की मगच त्याच्यापुढे ठेवायचे. आयुष्यात पहिली सहल, आणि तीही एकटीने.

व्हिसा. हा शब्द आधी कोणी काढला? मीच काढला. बाईंनी विचारले होते एवढेच, की जायला काय काय लागते. मी चष्मा काढला, पुसला आणि क्षणाचाही विलंब न लावता सांगितले — व्हिसा, बँकेचे दाखले, जन्माचा दाखला, आणि एक सविस्तर विनंतीअर्ज. बाईंना नुकतेच अमेरिकन नागरिकत्व मिळाले होते. त्या पासपोर्टावर स्वतःच्या बार्शीला जायलाही त्यांना व्हिसा काढावा लागला होता. मग परक्या लंडनला तो लागणार नाही, असे त्यांच्या किंवा माझ्या मनात तरी कसे यावे? आपण लोक कुठेही निघालो की आधी परवानगी मागतो. मी तर त्या परवानग्यांवरच जगलो.

तेव्हापासून दर शनिवारी भजनाचा उत्तरार्ध बाई माझ्या टेबलापाशी घालवू लागल्या. येताना डब्यात थालीपीठ आणत. मी लायब्ररीतून लंडनची माहितीपुस्तके आणून ठेवी. नकाशा टाइपरायटरवर पसरायचा आणि बाईंनी बोट फिरवायचे. नदीवरचा तो पूल. राजवाड्यासमोरची पहाऱ्याची अदलाबदल. मग आगगाडीने यॉर्क, आणि तिथून मूर — कारण माळ तपासायचा होता. बशीतला चहा, म्हणजे कपातलाच, पण कसा ओततात, दूध आधी की नंतर, तेही पाहायचे. मला त्यांच्याकडून गावांचे उच्चार कळले. मी त्यांना म्हणे, बाई, यॉर्कला मुक्काम एक रात्र कमी पडेल. जसे काही मीच सोबत निघालो होतो. हसमुखभाई रोकड मोजता मोजता ओरडत, "वकीलसाहेब, राणीला माझा जय श्रीकृष्ण सांगा." बाई लगेच म्हणत, "सांगते, आणि तुमच्या तुरीच्या डाळीतले खडेही दाखवते."

असे हसणे माझ्या कोपऱ्यात पूर्वी कधी झाले नव्हते.

अर्ज तयार झाला. मी त्यावर फार मेहनत घेतली होती — 'मोस्ट हम्बली अँड रिस्पेक्टफुली'पासून सुरुवात करून बाईंची सगळी सेवा, सगळे चारित्र्य त्यात मांडले होते. पाठवायचा पत्ता आणि फी विचारायला मी न्यूयॉर्कच्या ब्रिटिश कचेरीत फोन केला. पलीकडे एक बाई होती. तिने विचारले, पासपोर्ट कोणत्या देशाचा? मी म्हटले, अमेरिकेचा. ती म्हणाली, मग फिरायला जाण्यासाठी व्हिसा लागतच नाही. अगदी प्रेमाने म्हणाली. प्रवास सुखाचा होवो, असेही म्हणाली.

मी फोन ठेवला. माझ्यासमोर तो अर्ज होता. मला काय वाटले ते सांगू? आनंद वाटायला हवा होता ना? मला वाटले, आता माझे काय. ज्या गोष्टीला काही लागत नाही, तिथे माझ्यासारख्याचे काय काम? माझे अज्ञान बाईंपुढे उघडे पडणार. आणि त्यामागून दुसरा विचार आला, जो पहिल्यापेक्षा वाईट — बाई तिकीट काढतील, जाऊन येतील, आणि मग शनिवारी भजन शेवटपर्यंत म्हणतील.

तरीही सांगायचे ठरवले होते. शनिवारी बाई आल्या, डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही भेटलात म्हणून हे होतंय. नाहीतर मला कोण विचारतंय इथे." हसमुखभाई ऐकत होते. मी चष्मा काढला, पुसला. आणि म्हणालो, "अर्ज दाखल झाला आहे. विचाराधीन आहे."

विचाराधीन. कचेरीसमोर बसून मी हा शब्द हजारदा लिहिला असेल. त्याचा उपयोग मला ठाऊक होता. त्या शब्दापुढे कोणी वाद घालत नाही. माणूस मान हलवतो आणि वाट पाहतो.

बाईंनी वाट पाहिली. नुसती पाहू दिली असती तरी एक वेळ — पण नाही, मी त्यांना कामाला लावले. वाट पाहणाऱ्याला काम दिले की संशय येत नाही, हेही मला व्यवसायाने शिकवले होते. मी सांगितले, फोटो पुन्हा काढा, कान दिसत नाहीत. सांगितले, जन्माच्या दाखल्याची मूळ प्रत हवी. त्यांनी बार्शीला पुतण्याला लिहिले. तो बिचारा नगरपालिकेत खेटे घालत राहिला. दाखला आला तेव्हा त्यावर सुमती नव्हते, माहेरचे नाव होते. म्हणून मी नावबदलाचे प्रतिज्ञापत्र केले. एक उन्हाळा गेला. बर्फ पडले, वितळले. दुसरा उन्हाळा आला. बाईंच्या गुडघ्यांना सूज येऊ लागली. आधी त्या उभ्याने नकाशा पाहत. मग हसमुखभाईंनी त्यांच्यासाठी स्टूल आणून ठेवले. यॉर्कपुढचा मूर त्यांनी स्वतःच बेतातून काढला. म्हणाल्या, माळ काय, माळासारखाच असेल. मी ते ऐकले. मला कळत होते मी काय ऐकतो आहे. या सगळ्याबद्दल मी त्यांच्याकडून एक पैसा घेतला नाही, आणि ही गोष्ट मी बरीच वर्षे स्वतःच्या बाजूने मांडत आलो. केवढा मोठा मी!

दर शनिवारी त्या विचारीत, "काही बातमी?" आणि मी म्हणे, विचाराधीन. मग कधीतरी प्रश्न बदलला. नवरात्र झाल्यावर केव्हातरी. त्या येत, बसत, डबा पुढे सारत आणि माझ्याकडे पाहत म्हणत, "भाऊ, काही सांगायचंय का?" मला त्यात फरक जाणवला नाही. जाणवला नाही, की मी जाणवू दिला नाही? मी म्हणे, विचाराधीन.

दिवाळीच्या सुमारास त्या शेवटच्या आल्या. नकाशा उघडला नाही. म्हणाल्या, "राहू द्या आता. गुडघे नको म्हणतात. तो अर्ज मागे घेऊन टाका."

इथे थांबतो जरा. कारण इतका वेळ मी जे सांगितले, ती फक्त इथवर यायची वाट होती.

त्या माझ्यापुढे दार उघडून उभ्या होत्या. मी नुसते 'बरं बाई' म्हणालो असतो, तरी ते तिथे संपले असते. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मागे घ्यायचा तर तसा अर्ज द्यावा लागेल."

जो अर्ज कुठेही गेला नव्हता, तो मागे घेण्याचा अर्ज.

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. रागाने नव्हे. वर्गात पोराला उत्तर येत नाही आणि ते तरी बोलत सुटते, तेव्हा मास्तरीण थांबून पाहते, तसे. मग म्हणाल्या, "करा." मी कागद चढवला. त्यांच्यादेखत टाइप केला, 'मोस्ट हम्बली'सह. त्यांनी तो सावकाश वाचला, एक स्पेलिंग पेनाने सुधारले आणि खाली सही केली — गोल, सुटी, फळ्यावरच्या अक्षरासारखी. डबा उचलला. जाताना म्हणाल्या, "जपून राहा, भाऊ. थंडी वाढतेय." त्यानंतर त्या आल्या नाहीत. विवेकची नोकरी बदलली आणि ते सगळे तिकडे खाली, नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहायला गेले, असे हसमुखभाईंकडून कळले.

पुढच्या वर्षी भजनातल्या एक काकू माझ्याकडे बहिणीच्या निमंत्रणपत्रासाठी आल्या. बोलक्या होत्या. मुलीकडे लंडनला जाऊन आलेल्या. म्हणाल्या, काही नाही हो, अमेरिकन पासपोर्ट दाखवला की सरळ आत. "आपल्या सुमतीबाईंना मी त्या नवरात्रातच सांगितलं होतं, व्हिसाबिसा काही नाही, निघा. तर हातातले टाळ खाली ठेवले त्यांनी. म्हटलं, मुलाशी बोलू का, तर म्हणाल्या, नको, आधी एका माणसाला विचारायचं आहे."

मी त्या काकूंचे पत्र पूर्ण करून दिले. त्यात एकही चूक झाली नाही.

म्हणजे बाईंना ठाऊक होते. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत त्या तसल्या सुजलेल्या गुडघ्यांनी, दर शनिवारी, थालीपीठ करून, माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसत होत्या आणि मला विचारीत होत्या, काही सांगायचंय का. तिकीट काढायला त्यांना माझी गरज उरली नव्हती. तरी आधी माझ्याकडे आल्या. मी बोलेन, याची त्यांनी वाट पाहिली. आणि मी बोललो नाही तेव्हा त्यांनी लंडनच सोडून दिले. का सोडले? गुडघे खरेच बिघडले होते. तेवढेच कारण होते का, हे मला कळणार नाही.

बाई आहेत अजून. कॅरीला आहेत. चाक लावलेल्या काठीने घरातल्या घरात फिरतात, असे ऐकतो. त्यांचा फोन नंबर हसमुखभाईंनी मला न मागता दिला होता, तो मला पाठ आहे. फोन मी केलेला नाही. हे लिहून झाल्यावर करीन, असे लिहायचे मनात आले होते; पण मी स्वतःला ओळखतो, म्हणून लिहीत नाही.

दुकानातले टेबल अजून आहे. कामे कमी झाली. सगळे आता संगणकावर होते. शनिवारी दुपारी भिंतीपलीकडून टाळांचा आवाज येतो, भजन मध्यावर येते, आणि मी आजही स्टुलावरची डाळीची पाकिटे उचलून खाली ठेवतो.

एवढे मोठे मसुदे मी केले आणि त्या बाईंना फक्त दोन वाक्ये सांगायची होती. ती इथे लिहितो. बाई, व्हिसा लागत नाही. तुम्ही निघा.