भुरी शेळी आणि सेल काढलेली पेटी

अन्याय झाला तो सटवाजीमामा धनगरांवर. यंदा, म्हणजे १९६० साली, होळीच्या आदल्या सोमवारी, सकाळी, आमच्याच वावरात. येलदरीला धरणाचं काम चाललंय, तिथून कोसभर अलीकडं आमचं गाव. हे आधी सांगतो, कारण लोक अजून उलटंच सांगत फिरायलेत.

दुसरं... मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. भानामतीच्या थोतांडाविरुद्ध जिंतूर तालुक्यातल्या भिंतीभिंतीवर मी पत्रकं डकवलीत. खळ स्वतः शिजवतो, मजकूरही स्वतः लिहितो. तेव्हा पुढचं वाचून मला देवभोळा ठरवू नका.

हैदराबादेहून एक साहेब आमच्या वावरात तंबू ठोकून राहिले होते. आकाशातून विजेचा भार असलेले बारीक कण सतत पडत असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते मोजायची एक नळी त्यांच्याकडं होती. कण नळीतून गेला की तिला जोडलेल्या पेटीत टिक् वाजायचं. असल्याच नळ्या पुढं चंद्राच्याही पलीकडं जाणाऱ्या यानांत बसणार, असं साहेब म्हणायचे. "तिथं ती खोटं बोलली तर कान धरायला कोण जाणार? म्हणून इथंच पारखून घ्यायची."

पारखायची रीत अशी. तुरीच्या दाण्याएवढी बंद पितळी डबी, आत रेडियमचा कण. डबी खुंटीवर डकवायची, नळीपासून बरोबर दोन हातांवर, आणि पाच मिनिटं टिकटिक मोजायची. रोज आकडा जवळपास तोच यायला पाहिजे. मग नळी पूर्णेच्या डोहात सोडायची आणि पाण्याखाली कण किती कमी होतात ते बघायचं. माझं अक्षर बरं, म्हणून आकडे लिहायला मी.

त्या सोमवारी डबी डकवून आम्ही चहाला तंबूत गेलो. परत येऊन मोजतो तर टिकटिक अगदी विरळ — नुसत्या आकाशाची. खुंटी मोकळी.

मामांचा कळप तेव्हा आमच्याच वावरात बसायला होता. शेताला खत मिळतं, म्हणून दर साल बसतो. धरणावरचा पोलीस जमादार आला, त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि निकाल देऊन टाकला. "धनगर इथंच होता ना? मग झालं की."

"जमादारसाहेब, ती डबी घेऊन काय करू म्या?" मामा म्हणाले. "चिमूटभर तंबाखूबी मावत न्हाई तिच्यात."

"ते तालुक्याला सांग."

मामांना चावडीत बसवलं. दिवस मावळायच्या आत बैलगाडीनं तालुक्याच्या कोठडीत न्यायचं ठरलं. मी भांडलो. पुरावा काय, असं तीनदा विचारलं. जमादार म्हणाला, "पत्रक काढ."

डबीवाचून काम बंद, म्हणून साहेबांनी सामान आवरलं. पेटीतले सेल काढले, दोन तारा एकमेकींना टेकवून उरलीसुरली वीजही काढून टाकली. हे मी डोळ्यांनी बघितलंय. सेल त्यांच्या पिशवीत, नळीसकट पेटी माझ्या मांडीवर, असे आम्ही जबानीसाठी चावडीच्या ओट्यावर येऊन बसलो.

चारच्या सुमाराला गयामामी आल्या, अख्खा कळप घेऊन. थेट चावडीच्या दारात.

"घ्या," त्या जमादाराला म्हणाल्या. "मालक कोठडीत जायलाय, मंग जित्राबं तुमीच राखा. सकाळी ती चितकबरी पाजायची, लंगडीला मागं ठेवायचं न्हाई. लिहून घ्या. लिहिता येतंय न्हवं?"

"ए बाई, हाक ती मेंढरं."

"हाकते की. तुमच्या घरला."

मेंढरं ओट्याला घासून पुढं सरकायला लागली. आणि माझ्या मांडीवरच्या पेटीत टिक् झालं.

मी साहेबांकडं बघितलं. त्यांनी पिशवी चाचपली. सेल आतच होते. पुन्हा टिक्. टिक् टिक्... टिकटिकटिक — जोंधळा फुटावा तशी. जमादार दोन पावलं मागं सरला. मामींची भुरी शेळी ओट्याशी उभी राहून माझ्याकडं बघत होती. ती पुढं गेली, पेटी गप्प झाली. मामींनी तिला कानाला धरून परत आणली, पेटी पुन्हा बोलायला लागली.

साहेबांनी घाईघाईनं सेल बसवले आणि नळी एकेका जनावराला लावून बघितली. सगळ्या कळपात एकटी भुरीच वाजली.

"तुझ्या खळीत काय असतं?" साहेबांनी मला हळूच विचारलं.

इथं मला लिहायला जड जातंय. उन्हानं मेण वितळून डबी पडायची, म्हणून माझी खळ लावा, असं मीच सुचवलं होतं. गव्हाचं पीठ. मोरचूद मिळाला नव्हता, म्हणून टिकायला मीठ. शेळीला आणखी काय पाहिजे? खळ चाटली, डबीसकट.

मामांना तिथल्या तिथं सोडलं. भुरीला बांधून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी लेंड्यांत डबी सापडली. साहेबांनी ती चिमट्यानं उचलून धुतली, खुंटीवर मेणानं डकवली. पाच मिनिटं मोजलं. आकडा नेहमीचाच. साहेब हसायला लागले. भुरीही धडधाकट आहे.

मी मामांचे पाय धरायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, बाबू. तुमच्या पत्रकाची खळ अख्ख्या गावात आमच्या भुरीलाच तेवढी गोड लागली."

पण सेल नसलेली पेटी वाजली कशी? साहेबांनी नंतर वीसदा सेल काढून, भुरीला शेजारी उभी करून बघितलं. एकदाही वाजली नाही. उरलेली वीज असेल का? ते म्हणाले, "इतकी उरत नाही." मी मंतरबिंतर मानत नाही, आजही नाही. पण त्या एका वेळी पेटी वाजली नसती, तर साहेबांनी सेल बसवले नसते आणि गाडी मामांना घेऊन गेली असती, एवढं खरं.

मामा सुटले, पण "चोर धनगर" हा बोल त्यांच्या पुढं पुढं गावोगाव पोचलाय. वालूरला एकानं वावरात बसू दिलं नाही. सध्या ते चारठाण्याच्या बाजूला आहेत, पावसाळ्यापर्यंत तिकडंच असतील. साठएक मेंढरं, थोड्या शेळ्या, त्यात एक भुरी. तुमच्या बांधावर आले तर चौकशा करू नका. वावर मोकळं आहे ना? मेंढरं बसवा. आणि कुणी चोर म्हणालं, तर खळ पत्रकवाल्या बाबूची होती, असं त्याला सांगा.