बूट काढायची जागा

भोसरीच्या आमच्या कारखान्यात एक वॉचमन होता. फेरी मारताना तिसऱ्या शेडच्या कोपऱ्यात तो बूट काढायचा, चार पावलं अनवाणी चालायचा आणि पुन्हा बूट चढवायचा. कामगार चिडवायचे, "काय राव, सिमेंटला कसलं सोवळं?"

"खाली आमचा म्हसोबा हाय," तो म्हणायचा. "त्येच्या म्होरं आमच्यात कुणी पायताण घातलं न्हाई."

कारखान्याच्या जागी पूर्वी शेत होतं, ते त्याचंच. सरकारनं जमीन घेतली तेव्हा मोजणी मी केली होती. म्हसोबाचा शेंदूर फासलेला दगड नकाशात दाखवला असता, तर तेवढी जागा सोडावी लागली असती. माझे वरचे साहेब चिडतील म्हणून मी तो दाखवलाच नाही. पुढे त्याच कारखान्यात मला नोकरी लागली.

एकदा तो म्हणाला, "साहेब, मोजणीला तुमी व्हता. दगड बघितलाय तुमी. तेवढं लिहून द्या, म्हंजी कंपनी कोपरा मोकळा करंल."

"देतो," मी म्हणालो.

तेव्हापासून दर आखाडात तो त्या कोपऱ्यात नारळ फोडायचा आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मला आणून द्यायचा. तो रिटायर होईपर्यंत मी ते खोबरं खाल्लं. लिहून मात्र काहीच दिलं नाही.